बुलेटला छोटी लेदर बॅग लावायचीय? आधी जागा ठरवा, मग बॅग घ्या

क्लासिक किंवा बुलेट घेतली की थोड्याच दिवसांत एखादी छोटी लेदर बॅग लावावी असं वाटायला लागतं आणि वाटणारच, त्या गाडीवर ती दिसतेच भारी. पण बहुतेक जण आधी ऑनलाईन फोटो बघून बॅग मागवतात आणि ती घरी आली की मग कुठं बांधायची ते शोधत गाडीभोवती चकरा मारतात. मग कुठंतरी कशीतरी बांधली जाते आणि पहिल्याच घाटात ती खाली सरकते नाहीतर चाकाला घासते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, हे सगळं उलट्या क्रमानं करा. आधी बॅगेत काय ठेवायचं ते, मग गाडीवर जागा, मग त्या जागेवर वादी कुठून कुठं जाणार ते, आणि हे सगळं ठरल्यावर शेवटी बॅग. चामडं कितीही भारी असू द्या, हलणारी बॅग गाडीवर नको म्हणजे नकोच, कारण तिच्यापासून चाक फक्त चार बोटं लांब असतं.

इथं मी मुख्यतः रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, २००९ पासूनची जुनी यूसीई इंजिनवाली (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) आणि २०२१ ला आलेली नवीन, दोन्ही. बाकी गाड्यांना पण हेच सगळं लागू होतं, जिथं फरक पडतो तिथं सांगतो.

काय ठेवणार ते आधी जमिनीवर मांडा

छोटी बॅग म्हणजे साधारण अडीच ते तीन लिटरची. गोल टूल रोल असेल तर २८ सेंटीमीटर लांब आणि ११-१२ सेंटीमीटर जाड, एवढीच. तिच्यात संसार मावत नाही आणि मावायला पण नको. एक जुना टॉवेल अंथरा आणि त्यावर तुम्हाला रस्त्यात खरंच लागणाऱ्या वस्तू ठेवा. माझ्या मते त्या अशा: दोन-तीन कामाचे पाने, स्पार्क प्लगचा पाना आणि एक जादा प्लग, पक्कड, दोन्ही बाजूंनी चालणारा स्क्रू ड्रायव्हर, फ्यूज, इन्सुलेशन टेप, पाच-सहा झिप टाय, एम-सील, एक क्लच केबल, हातमोजे आणि एक फडकं. पंक्चरचं सामान तुमच्या चाकावर अवलंबून आहे. तारांचं म्हणजे स्पोकचं चाक असेल तर आत बहुतेक ट्यूब असते, मग टायर काढायच्या पट्ट्या आणि जादा ट्यूब लागणार, आणि क्लासिकचं पुढचं चाक १९ इंची मागचं १८ इंची आहे त्यामुळं ट्यूब पण वेगवेगळी. एवढं सगळं छोट्या बॅगेत नाही बसत, ट्यूब वेगळी बांधा. अलॉय असेल तर ट्यूबलेस, मग ती वात भरायची छोटी किट पुरते.

आता हे सगळं टॉवेलमध्ये गुंडाळून वजनकाट्यावर ठेवा. किराणा दुकानातला काटा पण चालेल. पुढं हँडल किंवा फोर्कच्या (म्हणजे पुढच्या दोन शॉकअपच्या) भागात बांधणार असाल तर दीड किलोच्या वर जाऊ नका, एक किलोच्या आत असेल तर अजून चांगलं. वजन जास्त भरत असेल तर बॅग पुढं लावायचा विचार सोडा, मागं डाव्या बाजूला जा.

काही गोष्टी या बॅगेत अजिबात नको. पेट्रोलची बाटली नको, औषधं नको (उन्हात बॅग आतून चांगलीच तापते), मोबाईल नको, पैसे नको आणि आरसी-लायसनची ओरिजिनल कागदं तर नकोच, ती डिजिलॉकरला असतात. बक्कल उघडायला पार्किंगमध्ये कुणालाही दहा सेकंद पुरतात.

जागा: सगळा खेळ इथंच आहे

चार जागा असतात. हेडलाईटच्या खाली दोन फोर्कच्या मध्ये, लेग गार्डवर, मागं डाव्या बाजूला साडी गार्डजवळ, आणि मागच्या कॅरियरवर. कॅरियरवाली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निर्धोक, पण मागं कोणी बसत असेल तर आडवी येते आणि तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, सपाट जागेवर दोन वाद्या आवळल्या की झालं. फक्त टेललाईट आणि नंबर प्लेट झाकली जात नाही ना एवढं बघा.

फोर्कच्या मधली जागा फोटोत सगळ्यात भारी दिसते आणि सगळ्यात जास्त घोटाळे पण तिथंच होतात. कारण समजून घ्या. पुढच्या शॉकअपचा वरचा भाग हँडलच्या पट्टीत घट्ट पकडलेला असतो, खालचा जाड भाग चाकाबरोबर वरखाली होतो, आणि मडगार्ड त्या खालच्या भागाला असतं. म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली की मडगार्ड वर येतं. क्लासिकला हा प्रवास १३० मिलिमीटर आहे, म्हणजे तेरा सेंटीमीटर! उभ्या गाडीत बॅग आणि मडगार्डच्या मध्ये तुम्हाला तीन बोटं जागा दिसत असेल आणि तुम्ही खूश असाल, तर जोरात ब्रेक मारल्यावर ती जागा राहणारच नाही. टेपनं मोजा. गाडी डबल स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचललं जाईल असं मागं कोणालातरी बसवा म्हणजे शॉकअप पूर्ण लांब होतात, आणि मग बॅगेच्या तळापासून मडगार्डच्या सगळ्यात उंच जागेपर्यंत कमीत कमी पंधरा सेंटीमीटर भरले पाहिजेत. नाही भरले तर ती जागा तुमच्या गाडीसाठी नाही, विषय संपला. जुनी-नवी कुठलीही क्लासिक असू दे, हेडलाईटच्या खाली जागा तशी तंगच असते त्यामुळं जाड बॅग तिथं बसतच नाही, बारीक टूल रोल कसाबसा बसतो.

दुसरं म्हणजे वादी कशाला बांधताय ते. एक वादी वरच्या स्थिर भागाला आणि दुसरी खालच्या हलणाऱ्या भागाला असं कधीच करायचं नाही, दोन दिवसांत वादी तरी तुटेल नाहीतर बॅग तरी. आणि ती जी चकचकीत गुळगुळीत नळी असते ना, जी आत-बाहेर होते, तिच्यावर वादी चुकूनही येऊ देऊ नका. वादीखाली धूळ-रेती अडकते, नळीला ओरखडे पडतात, ते ओरखडे ऑईल सील कापतात आणि मग शॉकअपमधून तेल गळायला लागतं. काही गाड्यांत त्या नळीवर कव्हर असतं, काहींत रबरी गेटर म्हणजे घडीघडीचं रबरी आवरण असतं, तर मग कव्हरच्या वरून बांधता येतं पण गेटरवर नाही. तिसरं, ब्रेकचा होज आणि एबीएसच्या सेन्सरची वायर फोर्कच्या कडेनं खाली उतरते. ती वादीखाली दाबली गेली नाही पाहिजे, बोटानं चाचपून बघा, मोकळी असली पाहिजे.

लेग गार्डवर पण पुष्कळ जण लावतात. तिथं जागा भरपूर, काढ-घाल सोपी, गोल पाईप असल्यानं वादी पण छान बसते. पण दोन गोष्टी. पहिली, इंजिन हवेवर थंड होतं (नव्या क्लासिकमध्ये तेलाची पण मदत असते पण हवा लागतेच), त्यामुळं बॅग इंजिनच्या पट्ट्यांसमोर नको, पाईपच्या बाहेरच्या बाजूला असू दे. दुसरी, पुढच्या चाकाचा सगळा चिखल तिच्यावर येणार आणि गाडी आडवी झाली तर सगळ्यात आधी तीच चेपणार. मी तिथं फक्त फडकं, हातमोजे, रेनकोटची पँट असलं मऊ सामान ठेवीन, पाने नाही. डाव्या बाजूला लावताना गिअर टाकून बघा आणि उजव्या बाजूला ब्रेक दाबून बघा, बूट घालून, चपलेवर नाही. बुटाचं टोक बॅगेला लागत असेल तर बॅग वर सरकवा.

आता माझी आवडती जागा, मागं डावीकडं. बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडं असतो म्हणून डावी बाजू थंड राहते. तिथं साडी गार्ड असतं, आणि ते काढून तिथं बॅग लावायची कल्पना कोणी दिली तर ऐकू नका, कारण मागच्या माणसाचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्ध्या चाकापेक्षा कमी नाही एवढं आवरण असलंच पाहिजे असं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो. आणि नियम बाजूला ठेवला तरी, ओढणी किंवा पदर चाकात गेल्यावर काय होतं ते आपल्याकडं कोणाला सांगायला लागत नाही. उलट साडी गार्ड असेल तर आपलं कामच सोपं होतं, बॅगेला मागून टेकायला तयार जाळी मिळते. तीच बॅगेला चाकापासून लांब ठेवते.

जावा किंवा इंटरसेप्टर ६५० असेल तर सायलेन्सर दोन्ही बाजूंना असतात. मग बॅग सायलेन्सरच्या वर चांगली वीतभर राहिली पाहिजे, नाहीतर खालचं चामडं भाजून कडक पापडासारखं होतं आणि घडीवर तुटतं. दीड-दोन तास गाडी चालवून आल्यावर जिथं बॅगेचा तळ येणार तिथं हात धरा. हात आरामात ठेवता आला तर जागा बरोबर.

जागा नक्की झाली की बॅगेची डमी बनवा. पुठ्ठ्याचा खोका कापून, सेलोटेप मारून, तुम्हाला हव्या त्या मापाचा, आणि तो सुतळीनं त्या जागी बांधा. मागं घरातल्या कोणालातरी बसवा आणि पाय फूटरेस्टवर ठेवायला सांगा. पोटरी खोक्याला लागते का? लागत असेल तर खोका मागं सरकवा किंवा माप कमी करा. इंडिकेटर मागून नीट दिसतो का ते रस्त्याच्या पलीकडं उभं राहून बघा. हा खोका फेकू नका, बॅग घ्यायला जाताना तो बरोबर न्यायचा आहे.

चामडं ओळखायचं कसं

बाजारात लेदर म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं रेक्झिन नाहीतर पीयू (प्लॅस्टिकचा थर दिलेलं नकली चामडं) असतं, आणि काही तर चामड्याचा भुगा चिकटवून केलेलं असतं, त्याला बाँडेड लेदर म्हणतात. त्याचे एका उन्हाळ्यात पोपडे निघतात. कापलेली कड बघा, ती सगळ्यात खरं सांगते. रंगाचा जाड थर देऊन कड झाकली असेल तर वादीला जिथं भोक पाडलंय त्या भोकात बघा. खऱ्या चामड्यात कडेला घट्ट तंतू दिसतात, पीयूमध्ये खाली कापड आणि वर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा दिसतो. खऱ्या चामड्याची मागची बाजू केसाळ, मखमली असते. अंगठ्यानं दाबलं की खऱ्या चामड्यावर बारीक अनियमित सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर जातात. नाकाशी नेऊन वास घ्या, प्लॅस्टिकचा वास लपत नाही.

खऱ्या चामड्यात पण दोन प्रकार लक्षात ठेवा. एक क्रोम टॅनिंगचं, म्हणजे रसायनानं कमावलेलं, मऊ, लवचिक, कापल्यावर आत बऱ्याचदा निळसर-राखाडी दिसतं, पाणी तुलनेनं चांगलं सोसतं. दुसरं झाडपाल्यावर कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन, आत तपकिरी दिसतं, कडक असतं, आकार धरून ठेवतं आणि वापरून वापरून रंगाला चढत जातं. आपल्या कोल्हापुरी चपलांचं चामडं याच दुसऱ्या प्रकारचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. बॅगेचं अंग आणि वाद्या यासाठी मी व्हेज टॅनच घ्यायला सांगीन कारण ते ताणल्यावर कमी लांबतं आणि बॅग ढेपाळत नाही. जाडी अंगाला अडीच ते तीन मिलिमीटर आणि वाद्यांना तीन-साडेतीनच्या खाली नको. दीड मिलिमीटरचं पातळ चामडं आत फोम घालून जाड दाखवतात, चिमटीत धरून बघा, फोम दबतो.

व्हेज टॅनचा एक गुण माहीत असू दे. त्यातल्या टॅनिनला ओलं लोखंड लागलं की काळे-निळे डाग पडतात आणि ते डाग जात नाहीत. म्हणून बक्कल आणि रिव्हेट पितळी किंवा स्टेनलेसचे घ्या आणि आत पाने उघडे टाकू नका. चुंबक लावून बघा, चिकटला तर बक्कल लोखंडी आहे, वरचं निकेल उडालं की गंजणार. न चिकटला म्हणजे पितळच असेल असं मात्र नाही, जस्ताच्या मिश्रधातूला पण चुंबक चिकटत नाही आणि ते बक्कल आवळताना मोडतं. हातात घेऊन वजन बघा, मागच्या बाजूला नखानं नाहीतर किल्लीनं हलकं खरवडा, पितळ असेल तर आत पिवळं दिसलं पाहिजे.

अजून एक फसवणूक म्हणजे शोभेचं बक्कल. वरून दोन मस्त पट्टे आणि बक्कल, आणि त्यांच्या खाली लपवलेलं प्लॅस्टिकचं क्लिप नाहीतर चुंबकाचं बटण. क्लिप एकवेळ चालेल, पण चुंबकाचं बटण गाडीवर अजिबात नको, दोन स्पीडब्रेकर झाले की झाकण उघडं पडतं आणि तुमचा स्पार्क प्लगचा पाना हायवेवर.

शिलाई इंचाला साधारण सहा-सात टाके आणि दोरा जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, सुती नको. पण टाक्यांपेक्षा मी एकच गोष्ट आधी बघतो, ती म्हणजे बॅग गाडीला धरून ठेवणारी वादी बॅगेला कशी जोडलीय. स्वस्त बॅगेत मागं दोन छोटे लूप शिवलेले असतात आणि सगळं वजन त्या चार-पाच टाक्यांवर येतं. चांगल्या बॅगेत एक इंच रुंद अखंड वादी बॅगेच्या पाठीवरच्या खाचांमधून आरपार ओवलेली असते, किंवा पूर्ण पाठीवरून खालपर्यंत शिवून वर रिव्हेट मारलेले असतात. ओवलेली असेल तर उत्तमच, कारण वादी खराब झाली की नुसती वादी बदलता येते.

बनवून घ्यायची असेल तर

मनासारखी तयार बॅग मिळाली नाही तर सरळ बनवून घ्या, मला तर हाच रस्ता जास्त पटतो. कोल्हापुरात चप्पल बनवणारे कारागीर आहेत, मुंबईत धारावीत चामड्याची बॅग-पाकिटं बनवणारी दुकानं आहेत, आणि हे दोन्ही लांब असेल तर तुमच्या गावात बूट-चप्पल शिवणारे काका असतीलच. त्यांच्याकडं आरी आहे, रापी आहे, पंच आहे आणि जन्माचा हात आहे. तो पुठ्ठ्याचा खोका त्यांच्यापुढं ठेवा, जमलं तर गाडीच दुकानासमोर उभी करा आणि वादी कुठून कुठं जाणार ते बोटानं दाखवा. म्हणा, "काका, वजन ह्या वादीवर येणारे आणि गाडी दिवसभर हादरणारे." एवढं सांगितलं की ते स्वतःच वादीच्या टोकाला दुहेरी करून रिव्हेट मारतात. झाकण वरून खाली येऊन पुढची बाजू निम्मी तरी झाकेल असं करायला सांगा आणि दोन्ही बाजूंना झाकणाचे कान खाली दुमडलेले असू द्या, पाणी तिथूनच शिरतं.

पाठीला आतून एक ताठ पत्रा लागतो, नाहीतर बॅग चाकाकडं फुगते. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चालतो पण सगळ्यात बेस्ट म्हणजे रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीचं प्लॅस्टिक. कात्रीनं नाहीतर कटरनं कापता येतं, गंजत नाही, थोडं वाकतं पण दुमडत नाही. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आतून चामडं खातो.

बसवायची पद्धत

गाडी धुऊन पूर्ण कोरडी करा, जिथं वादी येणार तिथलं ग्रीस-तेल पुसून काढा. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा, बहुतेक फुकटच देतात. तिचे वादीपेक्षा सेंटीमीटरभर रुंद तुकडे कापा आणि ज्या पाईपवर वादी बसणार त्यावर एक वेढा गुंडाळा. यानं दोन कामं होतात, क्रोम-रंग घासला जात नाही आणि वादी सरकत नाही. हे रबर न घालता कितीही आवळा, गुळगुळीत पाईपवर चामडं सरकणारच.

मग रिकामी बॅग जागेवर धरा आणि सगळ्या वाद्या आधी सैल अडकवा. एक पूर्ण आवळून मग दुसरीकडं जायचं नाही, थोडी ही थोडी ती असं करत या, म्हणजे बॅग तिरकी बसत नाही. कमीत कमी तीन ठिकाणी पकड पाहिजे: वर दोन, खाली एक. वरच्या दोन वजन धरतात आणि खालची बॅगेला फडफडू देत नाही, ही खालची तिसरीच बरेच जण विसरतात. साडी गार्डवर लावताना वरच्या वाद्या गार्डच्या वरच्या आडव्या पाईपला घ्या आणि खालची जाळीला. शॉकअपच्या खालच्या टोकाला किंवा स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) त्यातली एकही नको, ते चाकाबरोबर हलतात.

बक्कलची पिन कुठल्या भोकात बसतेय ते बघा. शेवटच्या भोकात बसत असेल तर पुढं आवळायला जागाच नाही, आणि नवीन चामडं ताणणार म्हणजे ताणणार. पूर्ण आवळल्यावर पुढं दोन-तीन भोकं शिल्लक राहिली पाहिजेत. भोक पाडायचं असेल तर गोल पंचनं पाडा, खिळ्यानं नको, खिळा चामडं फाडतो आणि तीच फाट ताणाखाली पुढं जाते. वादीचं उरलेलं टोक लोंबकळत ठेवू नका, ट्यूबमधूनच अर्ध्या इंचाची रिंग कापा, ती वादीवर चढवा आणि टोक तिच्यात खोचा. चाकाजवळ सुटं टोक म्हणजे सरळ धोका आहे, चेनमध्ये किंवा तारांत अडकलं की बॅग तर जातेच, चाक पण अडू शकतं. फार लांब असेल तर कापून टाका.

प्रत्येक वादीच्या शेजारी एक जाड झिप टाय सैलसा लावून ठेवा. वादी तुटलीच तर बॅग लटकत राहील, चाकात जाणार नाही.

नट-बोल्टनं पक्की बसवायची असेल तर पाईपवर रबर लावलेले पी क्लॅम्प (पाईपला वेढा घालणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) टाका आणि बॅगेच्या पाठीतून सहा एमएमचे बोल्ट घ्या. आतल्या बाजूला मोठे रुंद वायसर घालाच, नाहीतर बोल्टचं डोकं चामड्यातून आरपार येतं, आणि नट नायलॉकचा (आत नायलॉनची रिंग असलेला) घ्या, साधा नट एक सिलेंडरच्या हादऱ्यानं सैल होतो. चॅसिसला ड्रिल मारू नका. गॅरेजवाला "एकच भोक आहे हो" म्हणाला तरी नको.

निघायच्या आधी तपासा

इंजिन चालू करा, न्यूट्रलमध्ये, ॲक्सिलरेटरला हात लावू नका आणि हँडल पूर्ण डावीकडं पूर्ण उजवीकडं फिरवा. पुढं बॅग लावली असेल आणि हँडल फिरवताना आवाज वाढला, म्हणजे केबल ओढली जातेय. लगेच सोडा आणि परत बांधा. हँडल पूर्ण लॉकपर्यंत जातं का, चावी फिरवता येते का, रात्री भिंतीवर हेडलाईट मारून बघा प्रकाश कुठं कापला जातो का. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सगळा जोर टाकून फोर्क खाली दाबा, दुसऱ्याला बॅगेखाली बघायला सांगा. मागची बॅग असेल तर दोन वजनदार माणसं सीटवर बसवा आणि चाक-बॅगमधलं अंतर बघा, दोन बोटांपेक्षा कमी असेल तर नाही चालणार.

आता सामान भरा. जड पाने तळाशी आणि पाठीच्या बाजूला, प्रत्येक वस्तू फडक्यात गुंडाळून. मोकळे पाने हादऱ्यानं खुळखुळतात ते सोडा, पण ते चामडं आतून घासून पातळ करतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. बॅग गच्च भरलेली असावी पण फुगलेली नको, जागा उरली तर फडकं कोंबा.

मग गावातल्या गावात एक चक्कर, मुद्दाम स्पीडब्रेकर आणि खराब रस्त्यावरून. वीस-पंचवीस किलोमीटर झाले की थांबून प्रत्येक वादीखाली बोट घालून बघा. बोट सहज जात असेल तर एक भोक आवळा. नवीन बॅगेला पहिल्या दोन-तीन राईडला हे करावंच लागतं, नंतर चामडं बसतं आणि मग महिन्यातून एकदा बघितलं तरी चालतं.

पाऊस आणि देखभाल

आपल्याकडं जून ते सप्टेंबर चामड्याचं काही खरं नसतं. आंबोली, ताम्हिणीसारख्या घाटात बॅग तासन्‌तास भिजते, कुठलंही मेण तिथं पूर्ण पुरत नाही. माझा सल्ला, भर पावसाळ्यात बॅग काढून ठेवा आणि सामान एखाद्या ताडपत्रीच्या पाऊचमध्ये न्या. ठेवायचीच असेल तर वर कव्हर घाला आणि आतलं सामान झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत. रंगवलेली नवीन बॅग ओली झाली की रंग सोडते, मागच्या माणसाच्या पँटला लागतो, म्हणून पहिल्यांदाच ओल्या फडक्यानं घासून बघा रंग येतो का.

भिजलीच तर उन्हात नको, सायलेन्सरवर तर नकोच, हेअर ड्रायर पण नको. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, वारा असेल तिथं दोन दिवस ठेवा, बोळे ओले झाले की बदला. पूर्ण वाळल्यावर मेणाचं पॉलिश किंवा लेदर कंडिशनर बोटावर थोडंसं घेऊन चोळा. एरंडेल चालतं पण अगदी दोन-चार थेंब, आणि वाद्यांना तेल जपून, जास्त मुरलं की वादी मऊ पडते आणि ताणते. पितळी बक्कलभोवती हिरवट थर दिसला तर जुन्या टूथब्रशनं कोरडंच घासून काढा. बुरशी आली असेल तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, थोडं वाऱ्यावर ठेवा, मग मेण. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, बुरशी तिथंच वाढते, सुती पिशवीत ठेवा.

कोकणात राहणाऱ्यांनी आणि गोव्यातल्या मंडळींनी खाऱ्या हवेमुळं लोखंडी बक्कल-रिव्हेट टाळाच, आणि पाने तेलाच्या फडक्यात ठेवा.

पावसाळा संपून बॅग परत लावताना वादीची भोकं नीट बघा. गोल भोक लांबट झालं असेल किंवा भोकापासून कडेकडं बारीक चीर दिसत असेल तर ती वादी बदला. बॅग तीच राहू दे, काकांकडून त्याच मापाची नवीन वादी कापून घ्या, आणि एक जास्तीची घेऊन बॅगेतच गुंडाळून ठेवा.